दहावीनंतर आयटीआय, बारावी आणि पगार: आधी काय, मग काय

जून उजाडला की आमच्या तालुक्याच्या गावात प्रवेशाच्या मदत टेबलावर मी बसतो. नोकरीत असताना आयटीआयला निदेशक होतो, आता निवृत्त आहे. समोर येणाऱ्या दहा पालकांपैकी चार-पाच जण एकच वाक्य बोलतात: "सर, पोरगा आयटीआय पण करेल, बारावी पण देईल आणि कंपनीत पण लागेल. फक्त फॉर्म कुठला भरायचा ते सांगा."

तिन्ही जमतं. पण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी ओळखीने काम धरतात, मग जवळची आयटीआय बघतात आणि बारावीचं "नंतर बघू" म्हणतात. त्या "नंतर"मध्ये मुदत निघून जाते, मूळ दाखला कुठेतरी अडकतो आणि मुलाचं वर्ष जातं. म्हणून क्रम असा ठेवा: वय, बारावीचा रस्ता, मूळ कागद, प्रशिक्षण आणि शेवटी काम. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

पायरी १: वय मोजा, तारखेसकट

"सतरा चालू आहे" हे उत्तर चालत नाही. मुलगा अठरा कधी पूर्ण करतो ती तारीख एका कागदावर लिहा. पुढचे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

१४ पूर्ण आणि १८ च्या आतल्या मुलांना कायदा किशोरवयीन म्हणतो. बाल व किशोरवयीन कामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. या वयात धोकादायक कामाला बंदी आहे. खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ आणि कारखान्यातल्या धोकादायक प्रक्रिया त्यात येतात. बाकीच्या ठिकाणी काम करता येतं, पण ते असं:

- सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती.
- विश्रांती आणि कामाची वाट बघत बसलेला वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास.
- संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही.
- ओव्हरटाइम नाही आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही.
- आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

सहा तासांतला एक तास विश्रांतीचा म्हणजे हातात पाच तास काम उरतं. मालक "आठ तासांचा पगार देतो" म्हणाला की पालकांना बरं वाटतं. त्या आठ तासांतच बारावीचा अभ्यास बुडतो, आणि अपघात झाला तर मुलगा तिथे होता हे कबूल करायलाही कोणी पुढे येत नाही.

अप्रेंटिसशिपचं वेगळं. तिथे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा लागतो. त्यात किमान वय १४ आहे, मात्र धोकादायक उद्योगांसाठी १८. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. हा फरक पायरी ५ मध्ये पुन्हा लागेल.

तपासा: जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर, दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे का? नसेल तर आजच दुरुस्तीला लावा. प्रवेश सुरू झाल्यावर त्या रांगेत उभं राहू नका.

पायरी २: बारावी कोणत्या रस्त्याने, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एक संध्याकाळ घरात बसून बोला. रस्ते पाच आहेत आणि प्रत्येकाबरोबर काम किती बसतं ते वेगवेगळं आहे.

(क) कनिष्ठ महाविद्यालयात द्विलक्षी अभ्यासक्रम. अकरावी-बारावीत दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी २०० गुणांचा व्यवसाय विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे विषय असतात, मात्र कोणत्या कॉलेजात कोणता विषय आहे ते तिथेच कळतं. हा पूर्णवेळ वर्ग आहे आणि हजेरी ७५ टक्के लागते. याच्याबरोबर रोजचं काम धरायचंच नाही, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढं करा. ज्याला पुढे इंजिनिअरिंगकडे जायचं आहे आणि घरची कडकी एवढी नाही की दरमहा पैसे हवेतच, त्याच्यासाठी हा चांगला.

(ख) दोन वर्षांची आयटीआय आणि मग क्रेडिट ट्रान्सफर. हा रस्ता लोकांना माहीतच नसतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड (आयटीआयचा व्यवसाय अभ्यासक्रम) पास झालेल्याला त्या ट्रेडचे गुण बारावीकडे वळवून मिळतात आणि भाषा विषयांची परीक्षा द्यावी लागते. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्जाच्या सूचना नीट वाचा. नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी यांच्या रांगेत आयटीआयच्या ट्रान्सफर ऑफ क्रेडिटवाल्यांचा वेगळा उल्लेख असतो. मुक्त शाळेची, म्हणजे एनआयओएसची, अशीच सोय आहे. नेमके कोणते विषय द्यायचे ते आपल्या आयटीआयच्या कार्यालयातून लेखी घ्या.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका पोराला मी वेल्डर ट्रेड घ्यायला लावला. हात चांगला होता त्याचा, घरी पैशाची निकड होती, म्हटलं वर्षात मोकळा होशील. वेल्डर एक वर्षाचा ट्रेड. ही सोय दोन वर्षांच्या ट्रेडची आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरायच्या वेळी तो बारावीचा कागद मागायला माझ्याकडे आला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावी हवी असेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा दोन वर्षांचाच ट्रेड बघा.

(ग) रात्र कनिष्ठ महाविद्यालय. मुंबई, पुणे आणि काही मोठ्या शहरांत आहेत. संध्याकाळी सहा-सव्वासहाला सुरू होऊन साडेनऊच्या आसपास सुटतात. शिक्षण नियमित, बोर्डाची परीक्षा तीच, गुणपत्रिकेवर "रात्र" असा शिक्का नाही. दिवसा काम करणाऱ्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. अडचण एकच, खेड्यात हे नसतं.

(घ) १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसायचं. दहावी पास होऊन दोन वर्षांचं अंतर लागतं. अर्ज ऑनलाइन भरून जवळचं एक कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून मिळतं. फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, पावसाळ्याच्या सुमारास निघतो. लोक तो डिसेंबरात शोधत येतात. कला किंवा वाणिज्य घ्यायचं असेल तरच या वाटेला जा. प्रयोगशाळेचे विषय यात धरू नका.

(ङ) एनआयओएस. केंद्र सरकारची मुक्त शाळा. परीक्षा वर्षात दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक-दोन दोन विषय करत पास होता येतं. काम करणाऱ्याला हे फार सोयीचं. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. दहावीनंतर दोन वर्षं झाल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र हातात येत नाही. दहावीला एकच वर्ष झालं असेल तर जास्तीत जास्त चार विषय देता येतात. दुसरी, घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात आणि ते न दिल्याने काठावर नापास झालेली पोरं मी बघितली आहेत. तिसरी, प्रत्येक विषय मराठी माध्यमात मिळेल असं गृहीत धरू नका. आधी पुस्तक कोणत्या भाषेत आहे ते बघा, मग विषय निवडा.

थांबा: "हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या, सगळं आम्ही बघतो" असं सांगणारं कॉलेज किंवा क्लास दिसला तर पैसे देऊ नका. नियमित प्रवेश दाखवून मुलगा प्रत्यक्षात कामावर, ही बनवाबनवी तपासणीत उघडी पडली की फॉर्म मुलाचा अडकतो, क्लासवाल्याचा नाही. आणखी एक, परराज्यातल्या अनोळखी मंडळाची "तीन महिन्यांत बारावी" ही जाहिरात. शालेय मंडळांची मान्यता कोब्सेच्या, म्हणजे देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या, यादीत बघता येते. त्या यादीत नाव नसेल तर तो कागद पुढे कुठे चालेल याची खात्री नाही.

आता खरा प्रश्न: बारावी हवीच आहे का? दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्याला बारावीचा कागद लागत नाही. पोलीस शिपाई व्हायचं असेल, पदवी करायची असेल, तर मात्र लागतो. मुलाचं पुढचं दार कोणतं ते ठरलं नसेल तर बारावीचा रस्ता उघडा ठेवा. मी तरी तेच सांगतो.

पायरी ३: मूळ दाखला एकच असतो

शाळा सोडल्याचा दाखला. या एका कागदावर अर्ध्या गोष्टी फसतात. आयटीआयला मूळ दाखला लागतो, कनिष्ठ महाविद्यालयालाही लागतो. १७ नंबरलाही मूळच मागतात. तो नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. म्हणून "आयटीआयला पण ॲडमिशन आणि कॉलेजला पण" हे जोडसमीकरण कागदावर बसतच नाही. दोन नियमित प्रवेश एका वेळी नाहीत.

पायरी २ मध्ये जो रस्ता ठरला त्यावरून दाखला कुठे जाईल ते लिहून काढा:

- द्विलक्षी किंवा रात्र कॉलेज: दाखला कॉलेजात. प्रशिक्षण असं निवडा जिथे मूळ दाखला मागत नाहीत.
- आयटीआय: दाखला आयटीआयत. बारावी क्रेडिट ट्रान्सफरने किंवा एनआयओएसने.
- १७ नंबर: दाखला संपर्क केंद्राकडे. काम आणि अप्रेंटिसशिप छायांकित प्रतींवर.

कामाच्या ठिकाणी मूळ दाखला कधीच जात नाही. कधीच. एका औद्योगिक वसाहतीत मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने आमच्याकडच्या तीन पोरांचे मूळ दाखले आणि गुणपत्रिका "व्हेरिफिकेशन"साठी ठेवून घेतल्या. काम सोडायचं म्हटल्यावर ड्रॉवरची किल्ली सापडेना. एकाची १७ नंबरची मुदत त्या पंधरा दिवसांत गेली. ठेकेदार प्रत बघू शकतो, मूळ कागद डोळ्यांसमोर ताडून बघू शकतो, ठेवून घेऊ शकत नाही.

दाखल्याखेरीज ही तयारी प्रवेशाच्या महिनाभर आधी करा:

- आधार. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा करायची असते. ती राहिली की पोर्टलवर पडताळणी अडते. दहातली तीन मुलं इथे अडकतात.
- नावाचा क्रम. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेक वेळा नाव आधी. क्रम वेगळा असला तर सहसा निभावतं, पण "दत्तात्रय" आणि "दत्तात्रेय" हा फरक निभावत नाही.
- मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारशी जोडलेलं. आईचं किंवा मामाचं खातं देऊ नका, सरकारी पैसे आधारने जोडलेल्या खात्यातच येतात.
- मुलाच्या किंवा घरातल्या कायमच्या माणसाचा मोबाइल नंबर. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकून फॉर्म भरू नका, पुढचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो गावाला गेलेला असतो.

तपासा: प्रत्येक मूळ कागदाच्या पाच प्रती आणि मोबाइलमध्ये स्वच्छ फोटो. एका वहीत तारीख लिहा: कोणता मूळ कागद, कोणाला दिला, पावती मिळाली का.

पायरी ४: प्रशिक्षण निवडा

आयटीआयचे प्रवेश राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर होतात. फॉर्म भरला की काम झालं असं समजू नका. फॉर्म पक्का करणं, विकल्प (कोणती आयटीआय, कोणता ट्रेड, त्याचा पसंतीक्रम) भरणं, फेरीत नाव लागल्यावर मुदतीत हजर होणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच विकल्पाला नाव लागलं आणि हजर झाला नाही तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होऊ शकतं. विकल्प भरताना "मित्राने जो भरला तो" करू नका.

काम करणाऱ्या मुलासाठी ट्रेडपेक्षा शिफ्ट महत्त्वाची ठरते. अनेक आयटीआय एकापेक्षा जास्त शिफ्टमध्ये चालतात. सकाळची शिफ्ट मिळाली तर दुपारनंतर दोन-तीन तास मिळतात. दुसरी मिळाली तर १८ च्या आतल्या मुलाला रोजचं काम जवळपास अशक्य, कारण सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर काम बंद. प्रवेश घेण्याआधी शिफ्ट विचारा. खिडकीवर एक मिनिट लागतं.

परीक्षेला बसायला हजेरी ८० टक्के लागते. सोमवारी कामाच्या जागी गर्दी असते म्हणून दर सोमवारी दांडी, असा हिशेब केला तर सहा दिवसांच्या आठवड्यात हजेरी ८३ वर येते. वर दोन आजारपणं आली की गेली.

ज्यांना आयटीआय नको, त्यांना दोन वाटा आहेत. एक, दहावी पासवर थेट अप्रेंटिस लागणं. यात प्रशिक्षण कंपनीतच होतं आणि बारावी एनआयओएस किंवा १७ नंबरने. दुसरी, रात्र कॉलेजबरोबर छोटा कोर्स. मुलींच्या बाबतीत मी शासकीय संगणक टंकलेखन आवर्जून सुचवतो. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, ही दोन प्रमाणपत्रं लिपिक पदाच्या जाहिरातीत आजही मागतात, आणि डीटीपीच्या दुकानात पहिल्या दिवसापासून कामाला येतात.

थांबा: "प्लेसमेंटची गॅरंटी" लिहिलेल्या खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्रमाणपत्र कोण देतं? उत्तर "आमची संस्था" असेल तर उठा.

पायरी ५: काम किंवा अप्रेंटिसशिप

आता कुठे कामाची पाळी. अप्रेंटिसशिप असेल तर करार हा पहिला कागद. कंपनी तो अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करते. मुलगा १८ च्या आत असेल तर पालकाची सही लागते. पालक म्हणून सही करण्याआधी या ओळी वाचा:

ट्रेडचं नाव आणि कालावधी. करारात "फिटर" असेल आणि पोरगं वर्षभर बॉक्स पॅक करत असेल, तर शेवटच्या परीक्षेत त्याला कानस (फाइल) धरता येणार नाही. पहिल्या महिन्यात कोणतं मशीन, कोणता सुपरवायझर, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत किमान आकडे असे होते: दहावी पासला ₹६,०००, बारावी पासला आणि आयटीआयवाल्याला ₹७,००० दरमहा, दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हे आकडे सरकार वेळोवेळी सुधारतं, म्हणून करार करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघा. त्यापेक्षा कमी लिहिलेला करार घेऊ नका.

दर वर्षी एक तक्रार येते: "सर, सहा हजार सांगितले आणि साडेचारच आले." कंपनी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत असेल तर विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, जास्तीत जास्त ₹१,५००, सरकार देतं आणि तो मुलाच्या आधारजोडणीच्या खात्यात वेगळा येतो. उशिराही येतो. कंपनीशी भांडायला जाण्याआधी पासबुक भरून घ्या. खातं आधारला जोडलेलं नसेल तर दोष कंपनीचा नाही. पण दोन्ही मिळूनही आकडा भरत नसेल, तर लेखी विचारा. एका महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं, आणि किरकोळ किंवा वैद्यकीय रजेबद्दल त्यातून कपात करायची नसते.

ओव्हरटाइम. अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी असतो) मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. "सगळेच थांबतात" हे कारण चालत नाही.

मध्येच सोडण्याचं कलम. करार अर्धवट टाकला तर प्रशिक्षणाचा खर्च भरून देण्याची वेळ पालकावर येऊ शकते. बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात काय करायचं ते म्हणूनच सही करण्याआधी बोलून घ्या, सही झाल्यावर नाही.

साधं काम, म्हणजे दुकान, ऑफिस, झेरॉक्स सेंटर असेल तर करार क्वचितच मिळतो. निदान एका चिठ्ठीवर कामाची वेळ, सुट्टीचा दिवस आणि पगार लिहून घ्या. पगार खात्यात मागा. मालक ओळखीचा असला तरी मागा. ओळखीच्या माणसाकडेच पगार जास्त थकतो, हा माझा अनुभव.

तपासा: महिन्याचा खरा हिशेब मांडा. धरा, ₹६,००० मिळाले. गावातून औद्योगिक वसाहतीपर्यंत जीपचे रोज ₹६० गेले तर २६ दिवसांचे ₹१,५६०. चहा-नाश्त्याचे रोज ₹३० धरले तर ₹७८०. हातात उरले ₹३,६६०. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीचा असतो आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत, पण तो घर ते शाळा या मार्गाचा. कंपनी त्याच रस्त्यावर असेल तरच फायदा. ₹८०० जास्त देणारी लांबची कंपनी बऱ्याचदा जवळच्या कंपनीपेक्षा महागात पडते.

पायरी ६: आठवडा कागदावर मांडा

तोंडी "जमेल" म्हणू नका. वहीचं एक पान घ्या, सात उभे रकाने पाडा. मागच्या वर्षी टेबलावर बसून एका मुलीबरोबर मांडलेलं पान असं होतं. वय साडेसोळा, शहरात रात्र कॉलेजला प्रवेश, वाणिज्य शाखा.

सकाळी ७ ते ८ टंकलेखनाचा वर्ग. ८ ते साडेदहा घर आणि अभ्यास. ११ ते २ झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात काम, २ ते ३ जेवण आणि विश्रांती, ३ ते ५ पुन्हा काम. म्हणजे बरोबर सहा तास, कायद्याच्या रेषेवर. ६:१५ ते ९:३० कॉलेज. रविवारी दुकान बंद, तोच अकाउंट्सची गणितं सोडवायचा दिवस.

पानावर सगळं छान बसलं. मग तिनेच विचारलं, "साडेनऊनंतर घरी कशी जाऊ?" शेवटची बस ९:२० ची. हे ना माझ्या लक्षात आलं होतं ना तिच्या वडिलांच्या. शेवटी त्याच कॉलेजातल्या दोन मुलींबरोबर महिन्याची रिक्षा ठरली आणि ते पैसे पगारातून वजा करून पुन्हा हिशेब मांडला. रिक्षाचा रकाना पानावर नसता तर दिवाळीनंतर कॉलेज सुटलं असतं.

पानात हे रकाने हवेतच: प्रवास, जेवण, झोप (सात तास, कमी नाही), स्वाध्याय. पाच-सहा तास झोपून मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोराचा हात कसा कापला जातो ते मी वर्कशॉपमध्ये बघितलं आहे. ग्राइंडरपुढे पेंगणाऱ्या मुलाला मी घरी पाठवायचो, हजेरी लावून.

थांबा: सहा आठवड्यांनी तेच पान पुन्हा काढा. तीनदा दांडी, दोन स्वाध्याय राहिले, असं दिसलं तर कामाचे तास कमी करा. अभ्यासाचे नाही.

पायरी ७: परीक्षेच्या तारखा आधी, रजा नंतर

राज्य मंडळाची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये. प्रात्यक्षिक आणि तोंडी लेखी परीक्षेच्या आधी होतात आणि खासगी विद्यार्थी नेमके तेच विसरतात. संपर्क केंद्रावर महिन्यातून एक चक्कर मारली तर कळतं. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत त्याच्याही बरीच आधी, दिवाळीच्या मागेपुढे. १७ नंबरची नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

रजेचा अर्ज वेळापत्रक जाहीर झालं की त्याच आठवड्यात द्या, वेळापत्रकाची प्रत जोडून, आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेली रजा ही रजा नसते. मार्चअखेरीला कारखान्यात काम जास्त असतं, तेव्हा सुपरवायझर तोंडी "हो" म्हणतो आणि पेपरच्या आदल्या दिवशी बोलावतो.

एनआयओएसवाल्यांनी एका फेरीत दोनच विषय घ्यावेत असं माझं मत. पाचही एकदम देऊन दोन पास होण्यापेक्षा ते बरं, मुलाचा धीर टिकतो.

पायरी ८: शेवटी हातात काय यायला हवं

अप्रेंटिसशिप संपली म्हणजे काम संपलं असं नाही. शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. परीक्षा न देता कंपनीच्या लेटरहेडवरचं अनुभवपत्र घेऊन निघालेली मुलं दोन वर्षांनी परत येतात, तोपर्यंत तिथला एचआर बदललेला असतो. वर्षभर कोणतं काम शिकलात त्याची रोजची नोंदवही ठेवा आणि दर महिन्याला सुपरवायझरची सही घ्या. मुलाखतीत ती वही पुढे सरकवली की पुढचे चार प्रश्न कमी होतात.

आयटीआयचं प्रमाणपत्र ऑनलाइन उतरवून घ्या आणि त्याच दिवशी नाव, आईचं नाव, जन्मतारीख, ट्रेड या चार ओळी गुणपत्रिकेशी ताडून बघा. क्रेडिट ट्रान्सफरचा अर्ज याच कागदावर होतो, एका अक्षराचा फरक तिथे वर्षभर अडवतो. चूक दिसली तर आपल्याच आयटीआयत लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेऊन या.

आणि आयटीआयतून शाळा सोडल्याचा दाखला परत घ्यायला विसरू नका. आमच्या कपाटात दर वर्षी पंधरा-वीस दाखले तसेच पडून राहायचे.